बुधवारचा बाजार परत बसू द्या : आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मा. चेअरमन साहेब, सेक्रेटरी ताई, कमिटीचे सगळे मेंबर आणि आपल्या चारही विंगमधले काका-काकू, दादा-वहिनी,

नमस्कार. मागच्या मीटिंगला मी उभी राहिले होते पण दोन वाक्यांतच आवाज कापायला लागला आणि मी खाली बसले. जे बोलायचं राहिलं ते लिहून देतेय. लांब होईल, पण माझ्यासाठी हा विषय छोटा नाहीये आणि मला वाटतं आपल्या बऱ्याच घरांसाठी नाहीये, फक्त पैशाचं कोणी उघड बोलत नाही.

जूनमध्ये गेटवर नोटीस लागली की सोसायटीच्या आवारात आणि गेटसमोरच्या आपल्या मोकळ्या जागेत भाजीवाले, फेरीवाले बसणार नाहीत. दोन दिवसांत तिथे सिमेंटच्या कुंड्या आल्या. त्या जागेत दर बुधवारी संध्याकाळी सहा ते नऊ चार बायका आणि एक दादा बसायचे, तुम्हाला सगळ्यांना माहिती आहेत. कर्जतकडच्या मावशी दुपारची लोकल पकडून ठाण्याला उतरायच्या, तिथून ट्रान्स हार्बरने घणसोली, डोक्यावर पाटी आणि हातात एक पिशवी. त्यांच्याकडे स्वतःच्या वाडीतली शिराळी, काकडी, लाल माठ असायचा, आणि पाऊस तोंडावर आला की शेवळं ही रानभाजी. मी पहिल्या वर्षी शेवळं उचलली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, म्हणाल्या, "बाय, आधी केलीस का कधी? काकडं घातल्याबिगर करू नको हां, घसा खाजंल." आणि मूठभर काकडं, म्हणजे ती आंबट हिरवी फळं, पेपरच्या तुकड्यात बांधून दिली, वरचे पैसे घेतले नाहीत. ती भाजी कशी करायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, हे मला त्यांनी तिथे उकिडवं बसून दाखवलं आणि मागे तीन गिऱ्हाईकं उभी होती.

आता माझ्या घराचं सांगते. आम्ही पाच माणसं. घरात कोणी मासे, मटण, अंडं काही खात नाही, त्यामुळे खायचा सगळा खर्च भाजी, डाळी, कडधान्यं, दूध आणि धान्य एवढ्यातच फिरतो. एक पूर्ण पगार आणि माझं अर्ध्या दिवसाचं अकाउंट्सचं काम. मी लग्न झाल्यापासून घरखर्चाची वही लिहिते, रोज रात्री भांडी झाली की पाच मिनिटं. गेल्या वर्षी जुलैमध्ये भाजी, आलं-मिरची, लिंबू, कोथिंबीर सगळं धरून २,६४० रुपये झाले होते. या जुलैमध्ये ३,७१५. पावसात भाव चढतात हे मला कळतं, म्हणूनच मी मे महिन्याशी नाही, जुलै ते जुलै ताडून बघितलं. महागाईचं थोडं धरलं तरी हजार रुपयांचा फरक त्यात बसत नाही. आणि वाईट याचं वाटतं की हजार रुपये जास्त जाऊनही ताटात भाजी कमीच पडली, पालेभाजी आठवड्यातून तीनदा व्हायची ती एकदा होतेय.

हे का झालं याचा मी खूप विचार केला आणि मला एकच कारण सापडलं. सुट्टं घेता येईनासं झालं.

कमी पैशात घर चालवणाऱ्या बाईची सगळी युक्ती सुट्टं घेण्यात असते. दहा रुपयाची मिरची द्या, पाच-सहा मिरच्या आणि त्यात एक आल्याचा तुकडा टाका. लाल भोपळ्याची पाव किलोची फोड. एवढासा सुरण. दोनच गाजरं, कारण मला सांबारात घालायचीत, कोशिंबीर नाही करायची. अर्धी जुडी मेथी तुम्ही घ्या अर्धी मी घेते असं मी आणि शेजारच्या वहिनी कितीतरी वेळा तिथेच उभ्या राहून वाटून घेतलंय. आणि आठ वाजून गेले की दादा टोमॅटोचा वाटा लावायचे, जरा नरम झालेले, वीस रुपयात सव्वा-दीड किलो, त्याचं दुसऱ्या दिवशी सार आणि उरलेल्याची चटणी. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आमच्या घरात जे काही शिजायचं ते बऱ्यापैकी या वाट्यांवर शिजायचं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ॲपवर हे होत नाही. मी ॲपच्या विरोधात नाही हां, सासूबाईंना ताप होता तेव्हा रात्री दहाला नारळपाणी दारात आलं, त्या पावसात भिजत आलेल्या मुलाला मी पाणी दिलं, त्याच्याशी माझं काय भांडण असणार. पण तिथे भोपळा अर्ध्या किलोचाच येतो प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि वर डिलिव्हरी, वर हँडलिंग, पाऊस असला की त्याचे वेगळे, मग ते पैसे वाचवायला म्हणून आकडा गाठेपर्यंत अजून एक पाकीट टाकायचं जे आपल्याला नकोच होतं. जे जास्तीचं येतं ते फ्रीजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पिवळं पडतं. माझ्या वहीत जुलैच्या पानावर मी "टाकलं" असा नवीन रकाना केलाय, तो आधी कधी लागलाच नव्हता. मोठ्या दुकानात गेलं तर स्वस्त असतं, खरंय, पण जायला-यायला रिक्षा आणि तिथे पोरांना घेऊन गेलं की बिलात बिस्किटं येणारच.

डाळी-कडधान्यांचंही तेच गणित आहे म्हणून एवढं सांगते. १८ जुलै २०२२ पासून पाकिटबंद, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो, २५ किलोपर्यंतच्या पॅकवर. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाकिटातल्या पनीरवरचा काढला, डाळींवरचा राहिला. तीच डाळ वाण्याने पोत्यातून मापून दिली तर टॅक्स नाही. शंभर ग्रॅम मटकीत किंवा तुरीत २२-२४ ग्रॅम प्रोटीन असतं, पनीरमध्ये १८-२० च्या आसपास, आणि दोघांच्या किमतीत किती फरक आहे तो तुम्हीच बघा. आमच्याकडे मुलांचं प्रोटीन मटकी, हुलगे, कडवे वाल, शेंगदाणे यातून येतं, आणि हे सगळं मी पाव-पाव किलो सुट्टं आणते, भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते. पण उसळीबरोबर रोज काहीतरी हिरवं लागतंच ना, लिंबू लागतं, कोथिंबीर लागते, आणि तिथे परत तोच गेटचा विषय येतो.

मीटिंगमध्ये एक काका म्हणाले की एपीएमसी, म्हणजे बाजार समितीचं घाऊक मार्केट, आपल्यापासून दोन-तीन स्टेशनं आहे, ज्याला स्वस्त पाहिजे त्याने तिथून आणावं. काका, तुमचा मान ठेवून सांगते, मी त्या मार्केटच्या सावलीतच वाढलेय. माझे बाबा तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. साताऱ्याकडून आलेले, गळ्यात माळ, कोपरखैरण्याच्या माथाडींच्या घरात आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. १९६९ चा माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी या लोकांना उभं केलं, म्हणून आमच्यासारख्यांच्या घरात ठरलेली मजुरी आणि पीएफ आला, हे बाबा दर दिवाळीला सांगायचे. पहाटे निघायचे आणि दुपारी परत आले की खांद्यावरचा टॉवेल काढून आधी पाठ टेकायचे. रविवारी ते मला कांदा शिकवायचे. हातात घेऊन मान दाब म्हणायचे, मान सुकलेली आणि बंद पाहिजे, मान मऊ लागली की आतून गेलाच समज, वरून कितीही लाल दिसू दे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये भरून ठेवायचा, तो टिकतो, पावसाळ्यातून निघतो, खरिपाचा लाल कांदा टिकत नाही तो आणून लगेच खायचा. जुना संपत येतो आणि नवा अजून यायचा असतो, तेव्हा दिवाळीच्या आसपास भाव चढतो, त्या वेळी आपल्या घरात पोतं पाहिजे. आजही मी त्याच हिशेबाने मे महिन्यात कांदा भरते आणि बाल्कनीत पसरून ठेवते.

तर एपीएमसीत काय होतं ते ऐका. नाशिक-पुण्याकडच्या गाड्या रात्रीच लागतात, पालेभाजी शेकड्याने जाते, बाकी भाजी दहा किलोच्या हिशोबात. पाच माणसांच्या घराने दहा किलो भेंडीचं काय करायचं? पहाटे उठून जायचं, तिथे घ्यायचं, रिक्षाने आणायचं, मग पोरांचे डबे, मग माझं ऑफिस. हे जे फोडून देण्याचं काम आहे ना, दहा किलोचं पाव-पाव किलो करण्याचं, तेच तर आपल्या गेटवरचे दादा करायचे. ते पहाटे तीनला उठून तुर्भ्याला जायचे, स्वतःच्या पैशाने माल उचलायचे, टेम्पोत भाडं भरायचे, मग निवडून सडकं बाजूला टाकायचे, ते नुकसान त्यांचं. घाऊक भाव आणि त्यांचा भाव यात जो फरक दिसतो त्यात हे सगळं असतं, आणि त्यात त्यांची झोपही असते. मला कोणी म्हणालं की ते लुटतात तर मला खरंच राग येतो कारण मी गोणी उचलणाऱ्या माणसाची मुलगी आहे आणि मालाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाचे कष्ट मला माहितीयेत.

आणि आता गौरी-गणपती आलेत. ऋषीपंचमीची भाजी तुमच्यापैकी कितीतरी घरात होते. तिला काय-काय लागतं बघा, अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, सुरण, चवळीच्या शेंगा, मक्याचं कणीस, कोणी अंबाडीचा पाला घालतं, कोणी कच्ची केळी. सगळं थोडं-थोडं. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही म्हणून परसातलं, हाताने लावलेलं घ्यायचं अशी रीत आहे, आणि आपल्याला टॉवरमध्ये कुठलं आलंय परस, पण कर्जतच्या मावशींच्या घरामागे ते आहे. त्या आदल्या बुधवारी किंवा गणपतीच्या दोन दिवस आधी ऋषीच्या भाजीचे वाटे लावून आणायच्या, केळीच्या पानावर एकेक ढीग, त्यात प्रत्येकातलं दोन-दोन, चार-चार तुकडे, गेल्या वर्षी ६० रुपयाला वाटा होता. मी या वर्षी उत्सुकता म्हणून ॲपवर तेवढ्याच भाज्या एक-एक पॅक करून कार्टमध्ये टाकल्या, अंबाडी आणि पडवळ मिळालंच नाही आणि उरलेल्यांचे ४८२ रुपये झाले. त्यात पाच माणसांची भाजी होऊन तीन दिवस पुरेल एवढं उरलं असतं आणि आमच्याकडे गणपतीत फ्रीजमध्ये तेवढी जागाच नसते. जानेवारीत भोगीच्या भाजीचंही असंच, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरं, एकेक मूठ. आपले सगळे सण सुट्ट्या बाजाराच्या भरवशावर चाललेत हे मला ही नोटीस लागेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

मागच्या बुधवारी मी खाली उतरले तर मावशी रस्त्याच्या पलीकडे, दुभाजकाच्या त्या बाजूला, गटाराच्या झाकणाजवळ निळी ताडपत्री धरून बसल्या होत्या. पाऊस पडत होता. ए विंगच्या आजी, ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या छत्री आणि पिशवी सांभाळत तो रस्ता क्रॉस करत होत्या, समोरून बस आली, मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्यांना अर्धा डझन लिंबं आणि थोडा कढीपत्ता पाहिजे होता. आजींना ॲप वापरता येत नाही आणि मुलगा रात्री नऊला येतो. मला त्या दिवशी ठरवावं लागलं की हे पत्र लिहायचंच.

तुमच्या अडचणी मला खोट्या वाटत नाहीत. कचरा व्हायचा, हो व्हायचा, कोबीची पानं आणि मक्याची सालं रात्री तिथेच पडायची आणि सकाळी वॉचमनला उचलावी लागायची. गाड्या आत येताना अडकायच्या, हेही खरं. दोन नवीन माणसं येऊन बसायला लागली होती ज्यांना कोणी ओळखत नव्हतं, त्यावरून काही ताईंना भीती वाटली, ती मी समजू शकते. पण यातलं एकही कारण असं नाही की ज्याला बंदी सोडून दुसरा उपाय नाही. फेरीवाले म्हणजे बेकायदाच असं जे म्हटलं गेलं ते मात्र मला पटलं नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात त्यांचा सर्व्हे करून सर्टिफिकेट द्यायचं म्हटलंय, शहराच्या समितीत ४० टक्के जागा त्यांच्या प्रतिनिधींना आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांना ठेवल्यात. कायदा त्यांना कामाची माणसं मानतो. आणि आपली ती जागा तर आपल्याच सोसायटीच्या हद्दीत आहे, तिथे कोणाला किती वेळ बसू द्यायचं हे आपणच ठरवू शकतो. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला तेव्हापासून शेतकऱ्यांचे गट शहरात थेट येऊन विकू शकतात, राज्याच्या शेतमाल विक्रीच्या पणन मंडळाचे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार त्यातूनच सुरू झाले. बाकी ठिकाणी लोक असा बाजार स्वतःहून बोलावतात, आपल्याकडे तो आपोआप आला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. बुधवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ, पाचच जण, तेच जुने, त्यांची नावं आणि आधार नंबर गेटवरच्या रजिस्टरमध्ये. कुंड्या भिंतीकडे सरकवल्या तर गाड्यांना वाट राहते, मी टेप घेऊन मोजलंय, भिंतीपासून सात फूट जागा त्यांना पुरते आणि तरी गेट पूर्ण उघडतं. पाला आणि सालं त्यांनी पोत्यात भरायची, ते पोतं आपल्याच कंपोस्टच्या टाकीत जाईल, नाहीतरी मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा हा नियम २०१६ पासून आहे आणि आपले माळी दादा कायम सांगतात की टाकीत हिरवं कमी पडतं. प्रत्येकाकडून बुधवारचे २० रुपये घ्या, ते झाडणाऱ्या मावशींना द्या. काट्यावर वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्का आहे का ते महिन्यातून एकदा मी आणि सी विंगच्या काकू तपासू. पावसाचे दिवस संपेपर्यंत पार्किंगच्या पहिल्या पत्र्याखाली बसू दिलं तर फारच चांगलं, पण नाही दिलं तरी चालेल, ताडपत्री आहे त्यांच्याकडे. दोन महिने असं करून बघा, नाही जमलं तर परत मीटिंगला विषय घ्या, मी तेव्हा आडवी येणार नाही.

सह्यांचा कागद सोबत जोडलाय, आत्तापर्यंत ६३ फ्लॅटच्या सह्या झाल्यात, बी विंगचे वरचे तीन मजले अजून राहिलेत, उद्या संध्याकाळी जाईन. रविवारच्या मीटिंगला माझी वही पण आणणार आहे, गेल्या दोन वर्षांची सगळी पानं, ज्यांना बघायची असतील त्यांनी बघावी. मावशींचा नंबर माझ्याकडे आहे. तुमचं रविवारी हो झालं तर मी त्यांना त्याच रात्री फोन करते, म्हणजे ऋषीपंचमीच्या वाट्यासाठी परसातला अळू त्यांना राखून ठेवता येईल, नाहीतर तो दुसरीकडे जाईल.

आपली,
बी विंगमधली एक मेंबर, घणसोली